बांदिवडेकरांची पोच

आमच्या गल्लीतला खांब क्रमांक अकरा व्यवस्थित चालतो, म्हणून एकदा त्याची चौकशी लागली.

झालं असं, की त्या खांबावर नवा दिवा बसला. संध्याकाळी सातला लागला, सकाळी सहाला विझला. गल्लीत कोणाच्या लक्षातही आलं नाही. दिवा लागला तर त्यात लक्षात काय यायचं? समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बांदिवडेकरांच्या मात्र आलं. तीन संध्याकाळी ते खाली उतरले, दिव्याखाली उभं राहून त्यांनी वर्तमानपत्र वाचलं, आणि चौथ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात पत्र दिलं.

"विषय : खांब क्र. ११ वरील दिवा लागत असल्याबाबत. महोदय, उपरोक्त दिवा तीन दिवस पाहिला. लागतो. बारीक अक्षर वाचता येते. आभारी आहे."

ऑफिसात आभार घ्यायची सोय नव्हती. तिथे कॉम्प्युटरवर पत्राचा प्रकार निवडावा लागतो, आणि प्रकार एकच होता, तक्रार. काउंटरवरच्या बाईंनी थोडा विचार केला आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, "तक्रारीचे स्वरूप : दिवा लागतो."

तीन दिवसांत शिडी घेऊन तिघे आले.

"काय प्रॉब्लेम आहे काका?"

"काही नाही. लागतो."

"मग तक्रार कसली?"

"तक्रार नाही. पोच आहे."

"कसली पोच?"

"दिवा पोचल्याची."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आलेली तक्रार बंद करायची तर काहीतरी केलं असं दाखवावं लागतं. त्यांनी चालू दिवा काढला आणि दुसरा लावला. तो महिनाभर लुकलुकत होता. बांदिवडेकरांनी शिडीवाल्यांचेही आभार मानले.

हे सगळं मी माझ्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून पाहत होतो, आणि माझं डोकं फिरत होतं. त्याला कारण होतं.

वसईहून होळी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं नळ-पाइपचं दुकान आहे. वडिलांची होळीला वाडी होती. केळी, पडवळ, पानवेल. सोळाव्या वर्षी मी सायकलला दोन टोपल्या लावून भाजी विकायला लागलो. विसाव्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की वाड्यांच्या जागी इमारती येतायत आणि इमारतीत पडवळ रोज लागत नाही, नळ मात्र रोज गळतो. तेव्हापासून हा धंदा. कोणी हात दिला नाही, मी कोणाचा मागितला नाही. भाव केल्याशिवाय मी काही घेत नाही आणि समोरच्याने भाव केल्याशिवाय मला विकल्यासारखं वाटत नाही. आवाज जरा मोठा आहे. बायको म्हणते, तुम्ही 'जेवायला वाढ' म्हणालात तरी खालच्यांना वाटतं भांडण लागलं.

तर कारण असं, की माझ्या दुकानापुढचं गटार वीतभर रुंद होतं. दोन चाळी, एक शाळा आणि चार इमारती एवढ्यांचं पाणी त्या वीतभरातून जायचं. म्हणजे जायचं नाही. दर जुलैत ते दुकानात यायचं. नळाच्या दुकानात पाणी आलं, असं म्हणून गल्लीतल्या प्रत्येकाचं एकेकदा हसून झालेलं आहे. एका वर्षी पीव्हीसीचे एल्बो तरंगत शेजारच्या मेडिकलमध्ये गेले. त्याने ते परत दिले, पण सगळे दिले नाहीत असा माझा आजही संशय आहे.

मी चौदा तक्रारी केल्या. चौदाही वेळा मोबाइलवर मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे." गटार तेच. निवारण दरवेळी नवं. शिडी घेऊन कोणी आलं नाही, फावडं घेऊन तर नाहीच. ऑफिसचं नाव मी लिहीत नाही. माझी कामं अजून तिथे पडायची आहेत.

आणि या माणसाच्या चालू दिव्याला तीन दिवसांत तीन माणसं.

*

बांदिवडेकर मूळचे सिंधुदुर्गातले. मुंबईत एका सरकारी खात्यात तेहतीस वर्षं आवक-जावक लिपिक होते. म्हणजे बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र आवक वहीत चढवायचं, खात्यातून गेलेलं प्रत्येक पत्र जावक वहीत चढवायचं, आणि पत्र घेऊन येणाऱ्याला 'मिळाले' अशी सही करून पोच द्यायची. निवृत्त झाल्यावर वसईत वन-आरके घेतलं. बायको आधीच वारली होती. मूलबाळ नाही. सडपातळ, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेन मी कधी वापरताना पाहिलं नव्हतं.

एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम असे. "वस्तू मिळाली की माणसाने पोच द्यावी."

"अहो काका, वस्तू कसली? आपलेच पैसे आहेत. टॅक्स भरतो आपण," मी म्हणायचो.

"पैसे आपले. पण खड्डा तुम्ही खणलात का राऊतशेठ?"

"खणला नाही, पडलोय त्यात."

"तेही लिहा. पण कोणी बुजवला तर तेही लिहा."

दरवर्षी मार्चनंतर पालिकेच्या अर्थसंकल्पाचं पुस्तक ते कुठूनतरी मिळवत. लोक दिवाळी अंक वाचतात तसं ते वाचत; आडवं पडून, चहाबरोबर. बाकी माणसं त्यात आकडे बघतात. हे वस्तू बघत. कुठे बाकं, कुठे शेड, कुठे दवाखान्याला वजनकाटा, कुठे स्मशानात नळ. आवडेल त्या कामापुढे पेन्सिलीने फुली मारत आणि मग वर्षभर ती वस्तू शोधायला जात. छत्री, पाण्याची बाटली, पुस्तक. वस्तू सापडली की ती वापरून बघत, आणि मग पत्र.

राजोडीला समुद्रावर सहा बाकं बसली, तेव्हा बस बदलून तिथे गेले आणि सहाही बाकांवर दहा-दहा मिनिटं बसले. एका बाकावर एक जोडपं होतं. त्यांना म्हणाले, "तुमचं होऊ द्या, मी थांबतो," आणि समोर उभे राहिले. जोडपं उठून गेलं. पत्रात लिहिलं, "बाक क्र. ४ वर बसण्यास विलंब झाला, त्यात कार्यालयाचा दोष नाही. टेकता येते."

कळंबला नवी पाइपलाइन गेली होती. तिथे एका कोळणीच्या दारातल्या नळाची तोटी सोडून ते घड्याळ लावून बसले. ती म्हणाली, "बाबा, पानी येतं नलाला. त्यात काय लिवायचं? ज्या दिवशी येनार नाय त्या दिवशी लिवा."

"त्या दिवशी सगळेच लिहितात," बांदिवडेकर म्हणाले. तिने त्यांना दोन सुके बोंबील दिले. त्याचीही पोच तिला पोस्टाने गेली. तिला वाचता येत नव्हतं. शेजारणीने वाचून दाखवली म्हणे, आणि मग बराच वेळ दोघी हसत होत्या.

आता हे सगळं मी खपवून घेतलं असतं. पण माझ्या दुकानात हा माणूस भाव करत नसे.

हे मला फार लागे. मी वॉशरचे दहा सांगतो ते समोरचा पाच म्हणेल म्हणून. मग मी आठ म्हणायचं, त्याने निघून गेल्यासारखं करायचं, मी सातला हाक मारायची. हा धंदा आहे. बांदिवडेकर दहा म्हटल्यावर दहा काढून ठेवत. मला आपण लुटल्यासारखं वाटे. एकदा मी चिडून म्हणालो, "काका, निदान 'जास्त होतात' एवढं तरी म्हणा." ते म्हणाले, "मला काय माहीत वॉशर कसा करतात? तुम्ही म्हणता दहा, तर दहा." आणि दोन दिवसांनी दुकानाच्या पत्त्यावर पोस्टाने कार्ड. "श्री. राऊत यांस. आपल्याकडील वॉशर मिळाला. घट्ट बसला. रात्री थेंबाचा आवाज येत नाही. आभारी आहे."

अशी बरीच कार्डं आली. पहिलं मी बायकोला दाखवलं. बाकीची खिळे-स्क्रू बांधायच्या कागदांत गेली. कार्ड जाड असतं, स्क्रू टोचत नाहीत.

*

एकदा मात्र त्यांच्या पत्राने घोटाळा केला. रस्ता झाडणाऱ्या एका बाईंचं त्यांनी नाव घेऊन कौतुक लिहिलं. पत्र तक्रारीतच गेलं, आणि बाईंना नोटीस निघाली, "आपल्याबाबत नागरिकाचे पत्र प्राप्त झाले आहे. सात दिवसांत खुलासा करावा." बाई रडत यांच्या दारात. "मी काय केलं हो काका?"

बांदिवडेकरांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा झाला होता. ते तडक ऑफिसात गेले आणि तिथे त्यांनी एक मागणी लावून धरली, की आभारासाठी वेगळा रकाना करा. सहा महिने ते दर सोमवारी जात होते. कोणाला ओरडले नाहीत. फक्त बाकावर बसत. शेवटी ऑफिसवाले कंटाळले, म्हणा, किंवा कोणाला तरी पटलं, म्हणा. एप्रिलमध्ये कॉम्प्युटरवर दुसरा प्रकार आला, 'अभिप्राय'. बांदिवडेकरांनी गल्लीत पेढे वाटले. मला दोन दिले.

"आता काय होईल काका?" मी विचारलं.

"आता आभार हे आभार म्हणून नोंदले जातील."

मी पेढे खाल्ले आणि ते वाक्य कानाआड केलं. माणसाने पेढा खाताना ऐकावं.

कारण माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. तक्रारीला मेसेज येतो आणि आभाराला शिडी येते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मग मी आधी बांदिवडेकरांनाच गाठलं. म्हणालो, "काका, तुम्ही माझ्या गटाराचे आभार माना. गटार रुंद केल्याबद्दल. ते बघायला येतील, गटार नाही हे त्यांना दिसेल, लाजेकाजेस्तव करून टाकतील. तुमच्या घरचे सगळे नळ मी फुकट बदलतो."

त्यांनी चष्मा काढला. "गटार झालंय का?"

"झालं असतं तर तुमच्याकडे आलो असतो का?"

"मग पोच कशी देणार? न मिळालेल्या वस्तूची पोच हा गुन्हा आहे राऊतशेठ."

"अहो, कोणाला कळतंय?"

"वहीला कळतं."

मी नळांवर एक शॉवरही वाढवला. ते 'नाही' म्हणाले. मी ओरडलो. म्हणालो, तुमच्यासारख्यांमुळे ही माणसं शेफारलीत, काम न करता यांना शाबासकीची सवय लागलीय. ते ऐकून घेत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "पाणी घ्या."

मग मी स्वतःच लिहिलं. मी कोणाची वाट बघत बसणारा माणूस नाही. आणि लिहायचं तर हात आखडता कशाला घ्यायचा? "माझ्या दुकानापुढील गटाराचे रुंदीकरण अत्यंत सुंदर झाले आहे. पाणी सर्रकन जाते. पाहतच राहावेसे वाटते."

तीन दिवस गेले. शिडी नाही. आठ दिवस गेले. मी ऑफिसात गेलो. ज्युनिअर इंजिनीअर एक मॅडम होत्या, तिशीतल्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"राऊतसाहेब, हे काम दोन वर्षांपूर्वीच्या बजेटमध्ये मंजूर होतं. झालं की नाही ते कागदावर लागत नव्हतं. आता तुमचा अभिप्राय आलाय. काम पूर्ण म्हणून आम्ही बंद केलं."

"अहो, पण काम झालेलंच नाही."

"'पाहतच राहावेसे वाटते' असं लिहिलंय तुम्ही."

"ते मी... लिहायचं म्हणून लिहिलं."

"सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. रागाने मी सही जरा मोठी करतो. रकान्याच्या बाहेर आली होती.

मे महिना लागला होता. जून कधी येतो हे वसईत कोणाला सांगावं लागत नाही. गोदामात माझा दोन महिन्यांचा माल होता. आणि आता ऑफिसच्या हिशेबी माझ्यापुढे एक सुंदर गटार होतं, त्यामुळे दुसरं मिळणार नव्हतं.

*

आयुष्यात मी फार ठिकाणी मान खाली घातलेली नाही. त्या संध्याकाळी तिसरा मजला चढलो.

बांदिवडेकरांना मी सगळं सांगितलं. ते तांदूळ निवडत होते. त्यांचा हात थांबला.

"खोटी पोच दिलीत?"

"दिली."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. चिडल्यावर ते आणखी हळू बोलतात हे मला माहीत नव्हतं. "सहा महिने बसलो होतो मी तिथे. तो रकाना आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यात खोटं घातलंत."

मी म्हणालो, "चूक झाली." हे वाक्य मी इतकं क्वचित वापरतो, की मला ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटलं.

ते मग उठले, कागद घेतला आणि मला मजकूर सांगायला लागले. "लिहा. विषय : नजरचुकीने नव्हे तर हेतुपुरस्सर मानलेले आभार परत घेणेबाबत."

"'हेतुपुरस्सर' कशाला काका? नजरचूक चालेल की."

"चालणार नाही."

"अहो, थोडं मध्ये या. 'अनवधानाने' करू."

"राऊतशेठ, इथे भाव होत नाही."

मी हेतुपुरस्सर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे ऑफिसात. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "आभार परत घ्यायचा प्रकार नाहीये काका यात. तक्रार आणि अभिप्राय, दोनच."

"मग तक्रार म्हणून घ्या," बांदिवडेकर म्हणाले.

"कोणाविरुद्ध?"

"यांची यांच्याविरुद्ध."

बाईंनी लिहून घेतलं. मग आम्ही आत मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आज हे म्हणतात झालं, उद्या म्हणतात नाही झालं. मी वर कुठलं दाखवू?"

बांदिवडेकरांनी कापडी पिशवीतून एक जाड वही काढली. त्यांची घरची जावक वही. पाठवलेलं प्रत्येक आभारपत्र त्यात क्रमाने चढवलेलं. आणि मागच्या पानांवर, अजून न सापडलेल्या वस्तूंची यादी. त्यांनी एक पान उघडून मॅडमपुढे ठेवलं. वर लिहिलं होतं, "होळी रस्ता, राऊत यांच्या दुकानापुढील गटार, रुंदीकरण." खाली दर पंधरा दिवसांची तारीख, आणि प्रत्येक तारखेपुढे दोनच शब्द.

पाहिले. नाही.
पाहिले. नाही.
पाहिले. नाही.

दोन वर्षांचं पान होतं. जुलैच्या एका तारखेपुढे थोडं जास्त लिहिलं होतं, "पाहिले. नाही. राऊत यांचे एल्बो वाहून गेले."

दोन वर्षं हा माणूस दर पंधरा दिवसांनी माझ्या दुकानापुढे येऊन गटार बघून जात होता आणि मला वाटायचं, वॉशर घ्यायचाय पण किंमत विचारायला लाजतोय.

मॅडमनी सगळं पान वाचलं. मग पुढची-मागची पानं उलटली. त्यांच्याच एका कामाची पोच त्यात होती, दवाखान्याच्या दारातल्या उताराची, व्हीलचेअर चढते अशी. ती त्यांनी जरा जास्त वेळ वाचली.

"हे पत्र मला मिळालं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"तेव्हा तक्रारीत जायचं," बांदिवडेकर म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे न बघता फाइल ओढली. "काकांची पोच नाही म्हणजे काम नाही. उद्या मी स्वतः मोजायला येते."

*

गटार झालं. पंधरा दिवस लागले, पण पहिल्या सरीच्या आधी झालं. जव्हारकडची पाच माणसं कामाला होती. शेवटच्या दिवशी बांदिवडेकर माझ्याकडून बादली मागून घेऊन आले, वरच्या टोकाला उभे राहिले आणि पाणी ओतलं. पाणी गेलं. पुन्हा ओतलं. पुन्हा गेलं. सात बादल्या. मग त्यांनी त्या पाच जणांना ओळीने नावं विचारली.

"कशाला सायेब? काय चुकलं का?" त्यातला म्हातारा घाबरला.

"चुकलं नाही. पत्रात घालायची आहेत."

प्रत्येकाला त्यांनी वेगळी प्रत दिली. म्हाताऱ्याने ती शर्टाच्या आतल्या बाजूला ठेवली, बिडीच्या बंडलापासून लांब.

जुलैत तीन दिवस धो धो पडला. रस्त्यावर घोटाभर पाणी, माझ्या दुकानात फरशी कोरडी. मी तिसऱ्या दिवशी एक चांगला पितळी नळ घेतला, पाना घेतला आणि बांदिवडेकरांकडे गेलो. त्यांच्या मोरीतला जुना नळ मीच बदलायचा, आणि पैसे घ्यायचे नाहीत, असं ठरवून.

"किती?" ते म्हणाले.

"काही नाही."

"असं कसं? सांगा, देतो."

"काका, एकदा तरी भाव करा. मी शून्य म्हणतोय, तुम्ही वर चढा."

त्यांना हे जमलं नाही. ते चहा ठेवायला गेले. मी हात पुसत इकडेतिकडे बघितलं. फळीवर ती जाड जावक वही होती, आणि तिच्याशेजारी दुसरी, तेवढीच, तपकिरी कव्हर घातलेली. मी ती उघडली. पहिल्या पानावर लाल शाईत 'आवक'. पुढे प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने. क्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय. शेवटच्या पानापर्यंत आखलेले. आत एक अक्षर नव्हतं.

"ही नवी आणलीत का?"

"नाही. दोन्ही एकदमच आणल्या. रिटायर झालो त्या आठवड्यात. अकरा वर्षं झाली."

"यात काहीच नाही."

"आलं नाही ना काही." ते गाळणीतून चहा गाळत होते. "लाइटचं बिल येतं. ते धरत नाही. ते सगळ्यांनाच येतं."

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. 'पाहिले. नाही.' हे ते ज्या आवाजात म्हणाले असते, त्याच आवाजात म्हणाले.

मी जावक वही चाळायला लागलो. त्यात माझं नाव होतं. एकदा नाही, सात वेळा. "श्री. राऊत, वॉशर घट्ट बसल्याबाबत." "श्री. राऊत, टेफ्लॉन टेप पुरल्याबाबत." शेवटच्या रकान्यात शेरा. सगळीकडे कोरा, एका ठिकाणी सोडून. तिथे लिहिलं होतं, "परत आले."

"परत आले म्हणजे?"

"काही नाही. तुम्ही एकदा स्क्रू बांधून दिलेत ना, त्यात आलं होतं." त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला. "साखर बघा."

साखर बरोबर होती. मी चहा संपवला आणि खाली आलो.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. मी लिहिलेलं एकमेव आभारपत्र तुम्हाला माहीत आहे. चार दिवस दुपारी गिऱ्हाईक नसताना मी लिहीत होतो आणि फाडत होतो. बायको म्हणाली, "अहो, कोणाला नोटीस काढताय?" पहिल्यांदा फार लांब झालं. दुसऱ्यांदा 'पाहतच राहावेसे वाटते' आलं, ते फाडलं. शेवटी चार ओळी राहिल्या. पोस्टात टाकलं नाही. पोस्टात टाकलेलं पोचलं की नाही ते कळत नाही.

मी दार वाजवलं आणि पाकीट पुढे केलं. "काका, पत्र आहे."

"कोणाला द्यायचंय?"

"तुम्हाला."

त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं. मग मागची बाजू पाहिली, माझं नाव वाचलं. आत गेले. मीही गेलो. त्यांनी पाकीट पट्टीने सरळ कापलं, पत्र काढलं, वाचलं. घडी घातली, पुन्हा उघडलं, पुन्हा वाचलं. तपकिरी वही खाली घेतली. खिशातलं लाल पेन काढलं. ते उमटेना. हातावर चार-पाच रेघा मारल्या तेव्हा उमटलं. पत्राच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी 'आवक क्र. १' असं घातलं आणि वहीत चढवलं. कोणाकडून : श्री. राऊत, नळ-पाइप. विषयाच्या रकान्याशी ते थांबले.

"विषय लिहिलेला नाही तुम्ही."

"राहिला. काय लिहायचा ते तुम्ही लिहा."

 मग त्यांनी लिहिलं, "कार्यालयीन नाही."

मी निघालो तेव्हा त्यांनी हाक मारली. "राऊतशेठ, पोच हवी का?"

"हवी," मी म्हणालो.

त्यांनी एक चिठ्ठी फाडून त्यावर 'मिळाले' लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि मला दिली. ती माझ्या गल्ल्यात आहे, काचेखाली. अक्षर हललंय. तेहतीस वर्षं रोज तो एकच शब्द लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर हलायला नको होतं. मी जिन्यात उभं राहून ते पाहिलं, पण परत वर जाऊन विचारलं नाही.

आता ते दुकानात आले की मी वॉशरचे सात सांगतो. ते सात काढून ठेवतात.